तीन बल्ब बदलले तरी डावा ब्रेक लाइट लागत नाही? बल्ब सोडा, अर्थिंग बघा

चिपळूणहून एकांनी विचारलं आहे. थोडक्यात असं: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. डाव्या बाजूचा ब्रेक लाइट पावसाळ्यापासून त्रास देतोय. दोन महिन्यांत तीन बल्ब घातले. नवा घातला की आठ-दहा दिवस बरा चालतो, मग मंद होतो, मग बंद. रात्री दिवे लावून ब्रेक दाबला की डावीकडची टेल लाइट उजळायची सोडून विझते, आणि डॅशबोर्डवरचा डावा बाण मिणमिणतो. गॅरेजवाला म्हणतो मागचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगाच, बदलू, साडेसात हजार होतील. मेव्हणा म्हणतो एलईडी टाक, कटकट मिटेल. काय करू?

आधी हार्नेसला थांबा म्हणा. निदान रविवारपर्यंत. रविवारी सकाळी अर्धा तास आणि फूटभर वायर एवढ्यात निकाल लागेल.

मी कराडला हायवेलगत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, सत्तावीस वर्षं झाली. कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या तुमच्या भागातल्या गाड्या आमच्याकडे नेहमी असतात, आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात त्यांतल्या बऱ्याच याच तक्रारीच्या. म्हणून गाडी न बघताही थोडं धाडसाने लिहितो. चूक निघाली तर कळवा.

तुमचा प्रश्न आहे की बल्ब सारखे का उडतात. माझा उलटा प्रश्न: ते उडाले होते का? काढलेला बल्ब उजेडात धरून आतली तार तुटली आहे का, हे कोणी पाहिलं? बहुतेक नाही. लागत नाही म्हणजे उडाला, काढा, नवा घाला, जुना गटारीत. तो जुना बल्ब थेट बॅटरीला लावला असता तर बहुधा झकास पेटला असता. आमच्या दुकानात एक डबा आहे, गिऱ्हाइकांनी 'उडालेला' म्हणून दिलेल्या बल्बांचा. त्यातले निम्मे तरी मी टेस्टिंगला वापरतो.

मग नवा घातल्यावर लागतो कसा? तर बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवावा लागतो. दाबताना, फिरवताना त्याची पितळी कड आणि बुडाचे शिशाचे दोन ठिपके होल्डरच्या पत्र्यावर घासतात. पत्र्यावर चढलेला हिरवट थर तेवढ्या जागी खरवडला जातो आणि करंटला वाट मिळते. आठ-दहा दिवस दमट हवा लागली की थर पुन्हा चढतो. म्हणजे तुम्ही तीन वेळा बल्ब बदलला नाही, तीन वेळा नकळत होल्डर घासलात. बल्ब हा महागडा पॉलिश पेपर झाला.

आता ती विझणारी टेल लाइट. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे आणि गॅरेजवाल्याने नेमकी तीच सोडून दिली.

मागचा लाल बल्ब बहुतेक गाड्यांत डबल पॉइंट असतो, पी २१/५ डब्ल्यू नावाचा. काच एक, आत तारा दोन. पाच वॉटची बारीक तार पार्किंगसाठी, म्हणजे टेल लाइटसाठी, एकवीस वॉटची जाड तार ब्रेकसाठी. बुडाला दोन ठिपके म्हणजे दोन वेगवेगळ्या वायरी आत येतात. पण बाहेर जायची वाट दोघींना मिळून एकच: बल्बची पितळी कड, तिथून होल्डर, तिथून काळी वायर, तिथून बॉडी. हीच अर्थ, म्हणजे अर्थिंग: करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. आणि बऱ्याच गाड्यांत त्या लाइटच्या अख्ख्या डब्याची, म्हणजे टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स अशा सगळ्यांची, अर्थ एकाच काळ्या वायरीवर असते.

समजा ही वाट बंद झाली. तुम्ही ब्रेक दाबला. करंट एकवीसच्या तारेतून कडेपर्यंत आला, पुढे रस्ता नाही. पण करंट काही तिथेच बसून राहत नाही, पाण्यासारखा फट शोधतो. दिवे बंद असतील तर तो पाचच्या तारेतून उलटा वर चढतो, पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि उजव्या टेल लाइटमधून, नंबर प्लेटच्या दिव्यातून बॉडीला जातो. म्हणून दिवसा ब्रेक दाबला की कधी कधी पार्किंगचे दिवे मंद लाल होतात. तेच रात्री दिवे लावलेले असतील तर पाचच्या तारेच्या एका टोकाला आधीच बारा व्होल्ट आहेत. ब्रेकने दुसऱ्या टोकालाही बाराच आणून ठेवले. दोन्हीकडे सारखं पाणी, तर पाट वाहणार कुठे? टेल लाइट विझते. राहता राहिली वाट डाव्या इंडिकेटरची. त्याच्या तारेतून करंट उलटा जाऊन पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडी गाठतो, आणि जाता जाता डॅशबोर्डवरचा बाण मिणमिणतो.

ब्रेक दाबल्यावर टेल लाइट विझणं आणि बाण मिणमिणणं ही दोन्ही एकाच गाडीत, एकाच बाजूला दिसली की मी मीटर (मल्टिमीटर) हातात घ्यायच्या आधीच अर्थ म्हणतो. बल्ब खराब असता तर बाण कशाला मिणमिणेल? ब्रेकची वायर मध्येच तुटली असती तर टेल लाइटवर परिणाम झालाच नसता, ती आपली जळत राहिली असती.

यावर हमखास प्रश्न येतो: अर्थ खराब असेल तर ब्रेक दाबायच्या आधी टेल लाइट नीट कशी लागते? कारण तिची भूक कमी आहे. पाच वॉटला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही, ब्रेकच्या तारेला पावणेदोन लागतात. गंजलेल्या सांध्यात तीन ओहमचा अडथळा धरा. टेल लाइटचे तिथे व्होल्टभर जातात, डोळ्याला कळत नाही. ब्रेकचे साडेतीन-चार व्होल्ट जातात. आणि तारेच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं तर तीस टक्के उजेड जातो. बाराच्या जागी आठ आले तर पाव उजेड उरतो. कुंभार्लीच्या धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला तो पाव उजेड दिसणार नाही, तेव्हा हे काम होईपर्यंत रात्रीचा घाट टाळा.

तर रविवारी काय करायचं ते सांगतो. मीटर असेल तर उत्तम, नसेल तर बारा व्होल्टचा टेस्टिंग बल्ब, म्हणजे दोन वायरी लावलेला साधा बल्ब, पुरे.

डिक्की उघडा. लाइटचा डबा बहुधा दोन स्क्रूंनी धरलेला असतो, ते काढून सरळ मागे ओढा. तिरका ओढला की बाहेरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात, आणि मग डबा कायमचा खुळखुळतो. होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवून बाहेर काढा. बल्ब काढायच्या आधी फोनवर एक फोटो घ्या.

आता होल्डरच्या आत नीट बघा, फोनची बॅटरी लावून. चांगल्या होल्डरमध्ये पत्रा पिवळा किंवा पांढरा चकचकीत असतो आणि बुडाचे दोन ठिपके स्प्रिंगवर बोटाने दाबले की खाली जाऊन वर येतात. तुमच्याकडे मला वाटतं वेगळं दिसेल: कडेला मोरचुदासारखी हिरवी भुकटी, एक ठिपका खालीच बसलेला, आणि त्याच्या भोवती प्लॅस्टिक तपकिरी, किंचित वितळलेलं. काढलेल्या बल्बच्या बुडाशी बघा. शिशाचा ठिपका गोल असायला हवा. तो चपटा झाला असेल, त्यात खळगा पडला असेल, तर तिथे ठिणग्या उडत होत्या. प्लॅस्टिक जळालेलं असेल तर होल्डर घासून उपयोग नाही, स्प्रिंगचा ताण गेलेला असतो. नवा होल्डर वायरीसकट शे-दोनशेत मिळतो. घाला आणि विसरा.

काही गाड्यांत पितळी कडेचा नाही तर चपट्या काचेच्या बुडाचा बल्ब असतो, नुसता खोचायचा. त्यात कड नसते, बारीक पत्र्याच्या चिमट्यांत तारा बसतात. रोग तोच, फक्त बघायची जागा चिमटे. ते सैल पडतात.

आता खरी परीक्षा. बल्ब पुन्हा होल्डरमध्ये घाला, होल्डर बाहेरच लोंबू द्या. ब्रेक दाबून धरायला घरातलं कोणी नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवा. फूटभर वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. एक टोक होल्डरच्या कडेला, म्हणजे काळी वायर जिथे जोडली आहे तिथे, टेकवा. दुसरं टोक डिक्कीच्या लॉकचा हूक असतो त्याच्या उघड्या लोखंडावर दाबा. रंगावर नको, रंगातून करंट जात नाही.

ब्रेक लाइट भसकन उजळला आणि बाण विझला, तर तुमचे साडेसात हजार वाचले. बाद आहे ती फक्त अर्थ.

मीटर असेल तर आकडाही मिळतो. मीटर डीसी वीस व्होल्टवर. ब्रेक दाबलेला, बल्ब आतच. लाल टोक होल्डरच्या कडेला, काळं टोक त्याच हुकाला. चांगल्या अर्थला इथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसतात. एकाच्या वर काहीही आलं की रोग सापडला. मी परवा ज्या गाडीला पाहिलं तिथे ५.८ होते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण यात चांगले चांगले फसतात. हे माप बल्ब आत असताना आणि पेटवून घ्यायचं. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावलं तर तुटत आलेल्या वायरीतूनही बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वीसपैकी एकोणीस धागे तुटलेली वायर मीटरला पास करते. ओझं पडलं की कळतं. माझे वस्ताद म्हणायचे, रिकाम्या बैलगाडीवरून बैलाची ताकद कळत नाही. त्यांच्याकडे मीटर नव्हतं, हेडलाइटचा एक जुना बल्ब होता दोन वायरी लावलेला. त्याच्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं.

अर्थ ठरली की काळी वायर हाताने धरून मागे मागे जा. ती कुठेतरी बॉडीला बोल्टने आवळलेली असते, बहुधा डिक्कीच्या बाजूच्या पुठ्ठ्यामागे, दहाच्या पान्याचा बोल्ट. जर्मन गाड्यांत अर्थची वायर तपकिरी असते, काळी शोधत बसू नका. बोल्ट काढा. रिंग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, आवळा, वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन. घासायच्या आधी नव्हे, आवळल्यानंतर.

या बोल्टने मला एकदा चांगलंच लाजवलंय. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला हीच तक्रार होती. मी मागच्या बंपरपासून पुढच्या फ्यूज बॉक्सपर्यंत वायर उलगडली, दोन जागी सोल्डर केली, दिवस घालवला. गाडी गेली, चौथ्या दिवशी परत आली. मग लक्षात आलं की मागचा कोपरा कधीतरी ठोकून निघालेला आहे आणि रंगवणाऱ्याने बोल्ट सोडून, पत्र्यावर रंग मारून, रंगावरच बोल्ट आवळलाय. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. पाच मिनिटांचं काम होतं. त्या दिवसापासून मागचा दिवा म्हटलं की मी आधी विचारतो, गाडी मागून ठोकली होती का? तुम्हालाही तेच विचारतो.

आणि दुसरा प्रश्न, जास्त महत्त्वाचा. गाडी चिपळूणची, २०१३ ची. जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे होती? तुम्ही सेकंडहँड घेतली असेल तर विकणाऱ्याने सांगितलं असेलच असं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि मुळाशी मातीची रेघ आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात वाळलेला गाळ सापडतो. गाडी वाशिष्ठीच्या पाण्यात बसलेली असेल तर माझं वरचं बोलणं अर्धंच लागू. तेव्हा गाळाचं पाणी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, शिरतं, वायरीच्या आत प्लॅस्टिकखाली तांबं काळं पडत जातं, आणि आज हा दिवा तर उद्या तो पंप सुरू होतं. वायर सोलून बघा: आत तांबं लाल-चकचकीत असेल तर ठीक, इंचभर आतपर्यंत काळं-हिरवं असेल तर गॅरेजवाला चुकीचं सांगत नाही. तरीसुद्धा मी आधी मागच्या बाजूचे कपलर आणि होल्डर बदलेन, हार्नेस सगळ्यात शेवटी.

पुरात नसेल आणि तरी दर पावसाळ्यात त्रास असेल, तर पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर पुढच्या श्रावणात भेटू. डबा आणि बॉडी यांच्यामध्ये एक रबरी किंवा स्पंजची गॅस्केट असते, ती चपटी होऊन फाटते. काचेला आतून दव दिसत असेल तर तेच. आणि उंदीर. भाताची मळणी झाली की उंदीर गाड्यांकडे वळतात. डिक्कीच्या पुठ्ठ्यामागे लेंड्या दिसल्या तर वायरी बोटाने चाचपा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी होल्डर, मग फूटभर वायरीची परीक्षा, मग अर्थचा बोल्ट, मग गॅस्केट. तुमचं काम बहुधा यातच संपतं.

आता समजा काढलेल्या बल्बची तार खरंच तुटलेली निघाली. तर बल्बच सांगतो का गेला ते. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटून लोंबतेय, तर हादरा. डबा खुळखुळतोय, किंवा डिक्की धाडकन आपटायची सवय. काच आतून काळपट-चंदेरी झालेली, तर बल्ब म्हातारा होऊन गेला, किंवा व्होल्टेज जास्त. आत पांढरी धूळ, तर काचेला तडा जाऊन हवा शिरली. दोन महिन्यांत तीन बल्ब काळपट होऊन गेले असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ ठीक. पंधराच्या पुढे गेलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाद आहे. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की तारेच्या बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. पण तसं असतं तर हेडलाइटचे बल्बही उडाले असते आणि बॅटरीचं पाणी आटलं असतं. फक्त डावी बाजू उडते म्हटल्यावर मला रेग्युलेटरचा संशय येत नाही.

अजून एक चूक असते आणि ती दुकानदार करतो. डबल पॉइंटच्या होल्डरमध्ये सिंगल पॉइंटचा बल्ब देतात. डबल पॉइंटच्या कडेच्या दोन खुंट्या मुद्दाम वर-खाली असतात, उलटा बसू नये म्हणून. सिंगलच्या समोरासमोर असतात. जोर लावला तर जुन्या होल्डरमध्ये तोही बसतो, आणि मग बुडाचा एकच मोठा ठिपका ब्रेक आणि पार्किंगच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडतो. ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो आणि माणूस भुताटकी म्हणून माझ्याकडे येतो. बल्ब घेताना जुना सोबत न्या.

तुमचं दुखणं एकाच बाजूचं आहे म्हणून मी मागेच अडकून राहिलो. दोन्ही बाजूंचे आणि वरचा तिसराही दिवा एकदम बंद असता तर डिक्की उघडूच नका म्हणालो असतो. तिघे एकाच वेळी मरत नाहीत. तेव्हा फ्यूज किंवा पेडलवरचा स्विच. फ्यूज बहुधा दहाचा लाल किंवा पंधराचा निळा, आणि काही गाड्यांत हॉर्नही त्याच्यावरच असतो, म्हणून आधी हॉर्न वाजवून बघा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज मी काढलेत. फ्यूज शाबूत, वायर वितळून सीटच्या गालिच्याला चिकटलेली. उडणाऱ्या फ्यूजचं मूळ बहुतेकदा डिक्कीच्या दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत सापडतं. दार रोज उघडून-मिटून आतल्या वायरीचं प्लॅस्टिक तडकतं. किंवा मग रिव्हर्स कॅमेरा बसवणाऱ्याने वायर सोलून, पीळ देऊन, टेपपट्टी गुंडाळून ठेवलेली असते. ती टेप दुसऱ्या उन्हाळ्यात सुटते.

आणि याच्या उलट, ब्रेक न दाबता दिवे चालूच राहत असतील तर पेडलखाली पायपुसणं उचलून प्लॅस्टिकचे तुकडे पडलेत का बघा. स्विचचा प्लंजर, म्हणजे आत-बाहेर होणारी खुंटी, ज्या बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या बुचावर टेकतो ते बुच काही वर्षांनी ठिसूळ होऊन फुटतं. प्लंजर भोकातून पलीकडे जातो आणि गाडीला वाटतं ब्रेक दाबलाय. रत्नागिरीच्या एका टॅक्सीवाल्याने यापायी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. हिशोब सोपा आहे: दोन एकवीसचे बल्ब मिळून साडेतीन अँपियर, लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपियर-तासांची, दहा तासांत सपाट. रात्री आठला लावलेली गाडी सकाळी सहाला मेलेली. ते बुच पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतं. ऑटोमॅटिक गाडीत हाच स्विच गेला तर गिअर 'पी'मधून हलत नाही आणि बटण स्टार्टची गाडी सुरू होत नाही, तेव्हा तसं झालं तर आधी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतो का विचारा.

मेव्हण्यांच्या एलईडीबद्दल. एलईडीला मी वाईट म्हणत नाही. पण ती तुमच्या रोगावरचं औषध नाही, रोग झाकायची चादर आहे. ती करंट कमी ओढते, म्हणून खराब अर्थवरही काही दिवस चांगली पेटेल. पण तिला मिणमिणायला अगदी थोडा करंट पुरतो, म्हणजे आत्ता बाण मिणमिणतो तसे मग नको तेव्हा ब्रेकचे दिवेही मिणमिणतील, आणि मागच्याला कळणार नाही तुम्ही ब्रेक दाबलाय की नाही. शिवाय लाइटचा आरशासारखा डबा तारेच्या जागेचा हिशोब करून बनवलेला असतो. स्वस्त एलईडीचा उजेड भलतीकडेच फाकतो, टेल आणि ब्रेक यांतला फरक कळेनासा होतो. अर्थ दुरुस्त करून मग हौस म्हणून घालायची असेल तर लाल काचेमागे लाल एलईडी घ्या. पांढरी घातली तर दिवा गुलाबी दिसतो.

एक इशारा या उत्तरावर विसंबणाऱ्या इतरांसाठी. वरचं सगळं साध्या वायरिंगच्या गाडीला लागू आहे: बॅटरी, फ्यूज, स्विच, बल्ब. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मागचे दिवे कंट्रोल युनिट चालवतं. तिथे टेस्टिंग बल्ब वाटेल तिथे टोचू नका, मीटरच वापरा. काही युनिट शॉर्ट दिसला की ती लाइन बंद करतात आणि इग्निशन बंद-चालू केल्याशिवाय उघडत नाहीत. माणूस वायर दुरुस्त करून दिवा लागत नाही म्हणून पुन्हा सगळं उसवतो. आणि ज्यांच्या डब्यात बल्बच नाही, एलईडीची पट्टी आहे, त्यांच्याकडे कपलर आणि अर्थ एवढंच घरी तपासण्यासारखं आहे.

तर रविवारी तीन गोष्टी कळवा. फूटभर वायर टेकवल्यावर दिवा उजळला का. मीटर मिळालं तर बल्ब पेटता असताना कडेवर किती व्होल्ट दिसले. आणि बल्ब काढलेल्या रिकाम्या होल्डरचा फोटो, फोनची बॅटरी लावून, जवळून. दिवा उजळला नाही तर ब्रेकच्या ठिपक्यावर बल्ब आत असताना किती व्होल्ट येतात तेही बघा, अकराच्या खाली असतील तर डिक्कीच्या बिजागरीची ती रबरी नळी सोडवून वायरी एकेक करून वाकवून बघायच्या आहेत, ते कसं करायचं ते तेव्हा सांगतो.